पेढा आणि त्याची कृती
(नभोवाणीवरील भाषण)

हुबळी-धारवाडचा मनुष्य परगावी निघाला की त्याच्या पिशवीत पेढ्यांचा एक पुडा असावयाचाच. पुण्याची बहीण असो, मुंबईचा मेहुणा असो की बेळगावचे व्याही असोत, दार उघडणाऱ्याची नजर आधी पिशवीकडे जाते आणि मग पाहुण्याकडे. तांबूस तपकिरी रंगाचा, पिठीसाखरेत घोळलेला हा पेढा आमच्या गावाची ओळख होऊन बसला आहे. उत्तर हिंदुस्थानातील उन्नावकडून एकोणिसाव्या शतकात ठाकूर घराणे धारवाडास आले; राम रतन सिंग ठाकूर यांनी येथे पेढे करावयास प्रारंभ केला, आणि पुढे लाइन बाजारातील त्यांच्या दुकानापुढे रांगा लागू लागल्या. दूध किती आटवावे, खवा किती वेळ परतावा, साखर नेमकी केव्हा घालावी, हे ज्ञान पिढ्यान्‌पिढ्या घरातल्या घरातच राहिले, असे सांगतात. पेढा ज्याला हवा त्याला पैसे टाकून मिळतो. कृती मात्र कोणाला मिळत नाही.

पेढा आणि पेढ्याची कृती यांतला हा जो फरक आहे, त्याविषयीच मला आज चार शब्द बोलावयाचे आहेत. परंतु माझा विषय मिठाईचा नव्हे. माझा विषय आहे संगणकाची आज्ञावली, म्हणजे ज्याला आपण सॉफ्टवेअर म्हणतो ते. आणि त्या आज्ञावलीची जी मूळ कृती, ज्याला जाणकार लोक 'सोर्स कोड' म्हणतात, तिची राखण. मी काही यंत्रशास्त्रातला मनुष्य नाही. इंटरपर्यंत शिकलेला, मुलांना मराठी शिकविणारा एक साधा शिक्षक आहे. तेव्हा तज्ज्ञाच्या अधिकाराने मी काही सांगणार नाही. एका प्रसंगाने मला जे शिकविले, तेवढेच सांगणार आहे.

प्रथम मूळ आज्ञावली म्हणजे काय ते पाहू. संगणक हे यंत्र अखेर शून्य आणि एक या दोनच अंकांच्या ओळी ओळखते. परंतु माणसाने दिवसभर शून्ये आणि एकच लिहीत बसावयाचे ठरविले तर त्याचे डोके ठिकाणावर राहणार नाही. म्हणून आज्ञावली लिहिणारा मनुष्य माणसाला वाचता येईल अशा एका नियमबद्ध भाषेत ती लिहितो: अमुक झाले तर तमुक कर, बेरीज इतकी झाली की सूट इतकी दे, उधारी तीन महिन्यांहून अधिक थकली की लाल अक्षरांत दाखव. ही झाली मूळ आज्ञावली. मग त्या मजकुराचे यंत्राच्या अंकांत रूपांतर केले जाते, आणि सामान्यतः गिऱ्हाइकाच्या हाती पडते ते हे रूपांतर. म्हणजे गिऱ्हाइकाला पेढ्यांचा पुडा मिळतो, कृती कारागिराच्या घरीच राहते. मूळ मजकूर ज्याच्या हाती गेला त्याला मात्र तो पदार्थ हवा तितका करता येतो, हवा तसा बदलता येतो, आणि वर आपल्या नावाची चिठ्ठीही लावता येते.

हा विषय आपल्याला दूरचा वाटण्याचे दिवस आता राहिले नाहीत. हुबळीत १९४७ साली अभियांत्रिकी महाविद्यालय निघाले, त्याचेच आज केएलई तांत्रिक विद्यापीठ झाले आहे. धारवाडच्या वाट्याला २०१५ साली माहिती तंत्रज्ञानाची राष्ट्रीय संस्था आली आणि २०१६ साली आयआयटी आली. या जोडगावांतल्या गल्लीगल्लीतून एखादा तरी मुलगा, एखादी तरी मुलगी आज्ञावली लिहून पोट भरीत आहे. पूर्वी आपण केवळ गिऱ्हाईक होतो. आता आपल्याच घरांत कारागीर निपजत आहेत. आणि चोरीचा खरा अर्थ माणसाला कळतो तो स्वतःचे काही गेल्यावरच.

आता तो प्रसंग सांगतो. माझा एक जुना विद्यार्थी आहे. वडिलांचे कापडाचे लहानसे दुकान. मुलगा गणितात हुशार, शुद्धलेखनात मात्र कच्चा. अभियांत्रिकीचा अभ्यासक्रम पुरा करून तो बंगळूरला न जाता गावातच राहिला आणि कापड दुकानदारांसाठी हिशेबाची एक आज्ञावली लिहू लागला. दोन वर्षे खपला. कोणत्या व्यापाऱ्याला कोणती अडचण येते हे पाहण्यासाठी तो दुकानांच्या गाद्यांवर तासन्‌तास बसून राहिला. मराठीत आणि कानडीत दोन्ही भाषांत पावती निघेल अशी सोय त्याने केली. दहा-बारा दुकानांनी ती आज्ञावली विकत घेतली. काम वाढले तेव्हा त्याने हाताखाली एक मदतनीस ठेवला. मदतनीस वर्षभराने काम सोडून गेला. जाताना भांडण नाही, तंटा नाही. उलट निरोपाचा चहाही झाला.

सहा महिन्यांनी एका दुकानदाराने माझ्या विद्यार्थ्याला सांगितले, "अरे, तुझ्यासारखीच आज्ञावली दुसरा एकजण निम्म्या किमतीत देतो आहे." तो पाहावयास गेला. नाव निराळे, रंग निराळे, वरचे चित्र निराळे. त्याला वाटले, असेल कोणी स्वतंत्रपणे केलेली. हिशेब लिहिण्याचा मक्ता काही आपल्या एकट्याचा नाही. इतक्यात दुकानदाराने एक पावती काढली. पावतीच्या तळाशी छापले होते, "धन्यावाद". ते वाचताच याच्या छातीत धस्स झाले. ही चूक त्याची स्वतःची होती. शाळेत याच शब्दासाठी मी त्याला दहा वेळा लिहावयास लावले होते!

त्याने आणखी आत पाहिले. आज्ञावली तयार करताना चाचणीसाठी त्याने आपल्या आजीच्या नावाने एक खोटे खाते उघडले होते. आजीने उधारीवर साडेतीन वार खादी घेतली, अशी त्यात नोंद होती. आजी मध्यंतरी वारली, म्हणून ते खाते पुसून टाकण्याचा धीर त्याला झाला नव्हता. कोणाला दिसणार नाही अशा एका कोपऱ्यात त्याने ते तसेच राहू दिले होते. परक्या माणसाने परक्या नावाने विकलेल्या त्या आज्ञावलीत त्याची आजी अजून साडेतीन वार खादी उधार घेत होती.

तो त्या संध्याकाळी माझ्याकडे आला. "सर, पैसे गेले त्याचे काही नाही," तो म्हणाला, "पण ती दोन वर्षे माझी होती." मी त्याची समजूत घातली. चोरी कशी वाईट, परिश्रमाचे फळ ज्याचे त्यालाच कसे मिळाले पाहिजे, यावर पाऊण तास बोललो. चोरीविरुद्धची आज्ञा मी लहानपणीच धर्मशिक्षणाच्या वर्गात पाठ केली होती आणि पुढे कितीतरी मुलांकडून पाठ करून घेतली होती. तेव्हा बोलावयास मला काही कमी पडले नाही. माझे बोलणे संपले. माझ्या टेबलावर संगणक चालू होता आणि पडद्यावर सहामाहीची मराठीची प्रश्नपत्रिका अर्धवट टंकलिखित होऊन पडली होती. ती पाहता पाहता त्याने अगदी सहज विचारले, "सर, ही टंकलेखनाची प्रणाली तुम्ही कोठून घेतली?"

श्रोतेहो, ती मी कोठूनही घेतली नव्हती. एका स्नेह्याने आपल्याजवळची प्रत मला करून दिली होती आणि तिचे कुलूप उघडण्याचा एक आकडा कागदावर लिहून दिला होता. सात वर्षे मी तिच्यावर प्रश्नपत्रिका काढीत होतो. मी उत्तर दिले नाही. त्यानेही पुन्हा विचारले नाही. त्याने चहा घेतला, वाकून नमस्कार केला आणि तो गेला. परंतु त्या रात्री मला झोप आली नाही, हे मी प्रामाणिकपणे सांगतो.

झोप येईना तेव्हा मी स्वतःची बाजू स्वतःपाशी मांडून पाहिली. आपण सगळेच ती मांडत असतो. एखाद्याची सायकल मी नेली तर तो पायी चालू लागतो. पण त्याच्या आज्ञावलीची प्रत मी काढली तर मूळ त्याच्याजवळ जसेच्या तसे राहते. मग त्याचे गेले काय?

हा प्रश्न आजचा नाही. आयर्लंडच्या संत कोलंबाविषयी सहाव्या शतकातली एक आख्यायिका सांगतात. आपला गुरू फिनियन याच्याजवळच्या स्तोत्रग्रंथाची कोलंबाने रात्री जागून, गुरूला न विचारता एक नक्कल करून घेतली. गुरूने ती परत मागितली. शिष्य म्हणाला, ग्रंथाचे काहीच उणे झाले नाही. वाद राजा डर्मिटपुढे गेला. राजाने निवाडा दिला तो असा, की गाय ज्याची त्याचेच वासरू असते. तसा ग्रंथ ज्याचा त्याचीच त्याची नक्कल. कोलंबाला हा न्याय पटला नाही. आणि पुढे इसवी सन ५६१ च्या सुमारास जी लढाई झाली तिच्या मुळाशी हाच वाद होता, असे म्हणतात. कोलंबाच्या हातचे म्हणून मानलेले एक जुने हस्तलिखित डब्लिनच्या रॉयल आयरिश अकादमीत आजही जतन केलेले आहे.

मला या गोष्टीत दोघांचेही थोडे थोडे बरोबर वाटते. स्तोत्रे लोकांपर्यंत पोहोचावीत ही कोलंबाची तळमळ खोटी नव्हती. कुलूपबंद ज्ञानाने जगाचे भले होत नाही, हे शिक्षकाला कोणी सांगावयास नको. परंतु कोलंबाने गुरूला विचारले नाही, रात्रीची वेळ निवडली, हेही तितकेच खरे. ज्या कामासाठी अंधार शोधावा लागतो, त्याचे उत्तर आपल्याला ठाऊकच असते.

शिवाय मालकाचे काही जात नाही हेही खरे नाही. माझ्या विद्यार्थ्याची मूळ आज्ञावली त्याच्याजवळ होती, पण तिची कमाई गेली. पुढची सुधारणा करण्यासाठी लागणारे पैसे गेले. दुसरा निम्म्या किमतीत देऊ शकत होता, याचे कारण त्याने दोन वर्षे गाद्यांवर बसून काढली नव्हती. ज्याने विहीर खणली त्याला खणण्याचा खर्च भरून काढावा लागतो. ज्याने रात्री येऊन मोट लावली त्याला पाणी स्वस्तच पडणार. आणि असेच चालू राहिले तर नवी विहीर कोण खणील?

आपल्या देशाच्या कायद्याने या दोन बाजूंचा मेळ घालण्याचा यत्न केला आहे. स्वामित्वहक्काचा, म्हणजे कॉपीराइटचा आपला कायदा १९५७ सालचा. १९८४ सालच्या दुरुस्तीने संगणकाची आज्ञावली त्याच्या कक्षेत आली आणि १९९४ साली तिची तरतूद अधिक स्पष्ट झाली. गंमत अशी की कायदा आज्ञावलीला साहित्यकृतीच्या वर्गात बसवितो. म्हणजे कादंबरी, कविता आणि कापड दुकानाचा हिशेब, ही तिन्ही कायद्याच्या एकाच पंगतीला! मराठीच्या शिक्षकाला प्रथम हे विचित्र वाटले. विचार करता पटले. कारण आज्ञावलीही अखेर कोणीतरी एकटे बसून, खोडून, पुन्हा लिहून सिद्ध केलेला मजकूरच असतो.

हा हक्क मजकूर लिहिला त्या क्षणी उत्पन्न होतो. त्यासाठी नोंदणी करावीच लागते असे नाही. परंतु वाद उत्पन्न झाला तर नोंदणी पुराव्यादाखल उपयोगी पडते. २०२१ साली नियम बदलले. त्यानुसार मूळ आज्ञावलीची पहिली दहा आणि शेवटची दहा पाने नोंदणीसाठी द्यावी लागतात, आणि एकूण पाने वीसहून कमी असतील तर सगळीच. नोकरीत असताना मालकाच्या कामासाठी लिहिलेली आज्ञावली, वेगळा करार नसेल तर, मालकाची ठरते. "मीच लिहिली, म्हणून मी घेऊन जातो" हे म्हणणे टिकत नाही. चोरीची प्रत आहे हे ठाऊक असून तिचा संगणकावर वापर करणे हाही अपराध आहे. त्याला कमीत कमी सात दिवसांपासून तीन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास हजारांपासून दोन लाखांपर्यंत दंड सांगितला आहे. तो वापर नफ्यासाठी किंवा व्यापारासाठी नसेल तर न्यायालय कैद न देता पन्नास हजारांपर्यंतच्या दंडावर सोडू शकते. माझी प्रश्नपत्रिका या शेवटच्या वाक्यात बसली असती. परंतु निर्दोष म्हणून नव्हे, केवळ दया म्हणून.

याच कायद्याने दुसऱ्या बाजूसही जागा ठेवली आहे. रीतसर घेतलेल्या आज्ञावलीची, ती नष्ट झाली तर हाताशी असावी म्हणून, राखीव प्रत काढून ठेवण्यास मुभा आहे. ती चालते कशी हे तपासून तिच्यामागची तत्त्वे समजून घेण्यासही मुभा आहे. मुख्य म्हणजे हा हक्क कल्पनेवर नसतो, मांडणीवर असतो. १९७८ साली सर्वोच्च न्यायालयाने एका नाटकाच्या आणि चित्रपटाच्या वादात हे तत्त्व स्पष्ट करून सांगितले: विषय किंवा कल्पना कोणाच्या मालकीची नाही, ती ज्या रूपात साकार झाली, ते रूप कर्त्याचे. तेव्हा कापड दुकानाच्या हिशेबाची आज्ञावली कोणीही स्वतःच्या बुद्धीने खुशाल लिहावी. दुसऱ्याच्या आजीसकट ती उचलू नये, इतकेच! शिवाय हा हक्क अनंतकाळचा नाही. कर्त्याच्या हयातीनंतर साठ वर्षांनी ती कृती सर्वांची होते.

येथे पेढ्याकडे क्षणभर परत वळतो. धारवाडी पेढ्याला भौगोलिक मानांकन मिळाले आहे. आमच्या कशिद्याला, म्हणजे कसुतीलाही मिळाले आहे. १९९९ सालचा कायदा, २००३ साली अमलात आला. परंतु तो कायदा रक्षण करतो ते नावाचे: धारवाडच्या परिसरात, ठरलेल्या गुणांचा झालेला पेढाच धारवाडी पेढा म्हणून विकावा. घरात ठेवलेल्या कृतीचे रक्षण तो करीत नाही. धंद्याच्या गुपितासाठी आपल्याकडे स्वतंत्र कायदा नाही. विधी आयोगाने २०२४ साली आपल्या २८९ व्या अहवालात तो करावा अशी शिफारस केली आहे. तूर्त गुपिताची भिस्त आहे ती लेखी करारावर, न्यायालयांच्या निर्णयांवर आणि माणसाच्या शब्दावर. माझ्या विद्यार्थ्याने मदतनिसाकडून एक साधा करारही लिहून घेतला नव्हता. "घरच्यासारखा होता, सर, त्याच्याकडून कागद कसा लिहून घ्यावयाचा?" असे तो म्हणाला. माझे त्याला आणि त्याच्यासारख्या सर्व तरुणांना सांगणे आहे, की कागद हा अविश्वासाचा नसतो. दोघांनाही आपापली मर्यादा दिसावी म्हणून शेताला बांध घालतात, तसा तो असतो. मूळ आज्ञावली सर्वांच्या हाती मोकळी ठेवू नये. कोणी केव्हा काय बदलले याची तारीखवार नोंद ठेवावी. आणि माणूस काम सोडून जाताना त्याच्याजवळच्या किल्ल्या जशा परत घेतो, तसे परवलीचे शब्दही त्याच दिवशी बदलावेत.

परंतु कुलूप हा एकच मार्ग आहे असे कोणी समजू नये. कृती उघडी करून वाटणारेही लोक या व्यवसायात आहेत, आणि त्यांनी जगावर थोर उपकार केले आहेत. अमेरिकेतील रिचर्ड स्टॉलमन हे मॅसॅच्युसेट्सच्या तंत्रज्ञान संस्थेत काम करीत असताना तेथील छपाईयंत्र वारंवार अडत असे. ते सुधारण्यासाठी त्यांनी त्याची मूळ आज्ञावली मागितली. ज्याच्याजवळ ती होती त्याने, आपण ती न देण्याचा करार केला आहे असे सांगून नकार दिला. हा नकार त्यांच्या मनाला लागला. १९८३ साली त्यांनी मुक्त आज्ञावलीची मोठी योजना जाहीर केली आणि १९८९ साली तिच्यासाठी एक परवाना सिद्ध केला. १९९१ साली फिनलंडमधील लिनस टॉरवाल्ड्स या तरुण विद्यार्थ्याने लिनक्स नावाची प्रणाली लिहिली आणि पुढल्या वर्षी ती याच परवान्याखाली जगाला दिली. आज जगातील असंख्य संगणक तिच्यावर चालतात. आपल्या भाषेपुरते बोलावयाचे तर मुंबईच्या एक टाइप या अक्षरकारांच्या मंडळाने 'मुक्त' नावाचा सुबक देवनागरी टंक कोणालाही वापरता यावा असा खुला करून दिला आहे.

मात्र मुक्त म्हणजे बेवारशी नव्हे, ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. त्या परवान्यालाही अटी असतात. मूळ कर्त्यांची नावे पुसू नयेत. आणि स्टॉलमन यांच्या परवान्याखालील आज्ञावलीत भर घालून ती पुढे दिली, तर तिची कृतीही त्याच मोकळेपणाने पुढे द्यावी. म्हणजे घेणाऱ्याने पुढच्या घेणाऱ्याचा हात आखडू नये. ही अट मोडणे हीसुद्धा चोरीच. किंबहुना ज्याने हात पसरून दिले त्याच्याकडची चोरी म्हणून ती अधिक वाईट.

ही रीत आपल्याला नवी वाटावयास नको. आमच्या या भागात मराठी आणि कानडी या दोन्ही भाषांची गाणी एकाच ओसरीवर ऐकू येतात. अभंगाच्या शेवटी तुकोबांचे नाव येते. बसवण्णांच्या वचनात कूडलसंगमदेवाचे, तर पुरंदरदासांच्या पदात पुरंदर विठ्ठलाचे नाव येते. ख्यालाच्या जुन्या बंदिशीत सदारंगाची मुद्रा असते. यांतले कोणतेही गीत गाण्यासाठी आपण कोणाला पैसे देत नाही. ही सगळी संपत्ती सर्वांची झाली आहे. परंतु शेकडो वर्षे लोटली तरी गावोगावच्या निरक्षर भजनी मंडळींनीही ते नाव वगळून तेथे आपले नाव घातले नाही. कायदा नव्हता, दंड नव्हता, नोंदणीचे कार्यालय नव्हते. ज्याचे त्याचे नाव ठेवावे एवढी समज होती, आणि ती पुरेशी होती. मूळ आज्ञावलीच्या माथ्यावर कर्ता आपले नाव आणि अट लिहून ठेवतो, ती त्याची नाममुद्राच होय. ती खरवडून काढणारा मनुष्य अभंग गाऊन शेवटी स्वतःचे नाव घालणाऱ्यासारखा आहे.

आता त्या प्रसंगाचा शेवट सांगतो. वकिलामार्फत नोटीस गेली. पावतीवरचे ते अशुद्ध 'धन्यावाद' आणि आजीचे ते खाते यांच्यापुढे दुसऱ्या बाजूला बोलावयास जागा राहिली नाही. विक्री थांबली. गेलेली गिऱ्हाइके मात्र सगळी परत आली नाहीत. निम्म्या किमतीची सवय फार लवकर लागते. माझा विद्यार्थी पुन्हा उमेदीने कामाला लागला आहे. आता त्याच्याकडे दोन मदतनीस आहेत, दोघांशी लेखी करार आहे, आणि आज्ञावलीची नोंदणीही झाली आहे. 'धन्यवाद' त्याने दुरुस्त केला. आजीचे खाते मात्र तसेच ठेवले.

माझ्याविषयी सांगावयाचे तर, त्या चोरीच्या प्रतीने ठोकलेली ती अर्धवट प्रश्नपत्रिका मी दुसऱ्या दिवशी हाताने लिहून पुरी केली. ती प्रत संगणकातून काढून टाकली. आता मी लिनक्सवर, खुल्या टंकात, प्रश्नपत्रिका काढतो. पहिले पंधरा दिवस बोटे अडखळली. चाळिशी उलटल्यावर नवा कळफलक शिकणे सोपे नसते. वर्गातही एक लहानसा नियम केला आहे. मुलांनी प्रकल्पासाठी चित्र, मजकूर, आज्ञावलीचा तुकडा कोठूनही घ्यावा. पण शेवटच्या पानावर कोणाकडून काय घेतले आणि घेण्याची मुभा होती की नाही, ते लिहावे. प्रथम पाने कोरी येत असत. हळूहळू भरू लागली आहेत. एका मुलीने परवा लिहिले, "मांडणी माझ्या दादाची आहे. त्याला विचारले आहे." त्या दोन वाक्यांना मी स्वतंत्र गुण दिले.

तेव्हा श्रोतेहो, मोठमोठ्या कंपन्यांचे हक्क त्यांचे वकील सांभाळतील. आपल्या हाती तीन साध्या गोष्टी आहेत: घ्यावयाचे ते विचारून घ्यावे, ज्याचे त्याचे नाव राहू द्यावे, आणि देणाऱ्याने घातलेली अट पाळावी, किंवा ती पटत नसेल तर ती वस्तू सोडून द्यावी. पेढा आवडला म्हणून कोणी हलवायाच्या भटारखान्याचे कुलूप फोडीत नाही. तो पैसे देऊन पुडा घेतो, नाही तर घरी दूध आटवून स्वतःच्या हाताने पेढा करून पाहतो. कदाचित तो तितका चांगला होत नाही. पण तो त्याचा असतो.